बाहेरचं

ठाकुर्लीच्या आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं आणि बहुतेकांचं पाचवीतच संपायचं. माझं मात्र फाडफाड. कारण मी ते शिकलेच नव्हते, नक्कल केलेली. रेडिओवरचा क्रिकेटवाला, चर्चमधले फादर, बँकेतले मॅनेजर. सूर बरोबर लागला की अर्थ कोण विचारतंय?

त्या सुरालाच फसून कॉलेजच्या मॅडमनी मला दुभाषी केलं. नव्वद साल उलटून गेलेलं, मी दुसऱ्या वर्षाला. ऑस्ट्रेलियातून एक मुलगी आलेली, चार महिन्यांसाठी. एखाद्या जागेचे मूळचे लोक असतात ना, त्यांचं दुखणंखुपणं, बाळंतपणं, औषधं, रीतभात, हे सगळं शिकायला. तिला दिला बाळकुमचा कोळीवाडा, आणि मला दिली ती.

आई म्हणाली, "एवढ्या लांबून आपला खोकला बघायला आली?"

"तिकडे महाग असेल," मी म्हटलं.

आम्ही रोज एका कोळीण आजीकडे जायचो. आजी सुईण होती, अर्ध्या वाड्याची नाळ तिच्या हातची. आवाज असा, की हाक मारली की खाडीतली होडी वळावी. पहिल्याच दिवशी मी तिच्यासमोर तिची नक्कल केली. आजीने शांतपणे ऐकून घेतलं.

"आवाज काढतंस, मंग हात कला हलवीत नाय? कोलनीचा अर्धा बोलना हातान असतंय."

तिचं 'कला' म्हणजे आपलं 'का', हे कळलं आणि तेव्हापासून आमचं जमलं.

आजीचा सात महिन्यांचा पणतू या मुलीच्या मांडीवरून उतरायचा नाही. एकदा तिला सर्दी झालेली, शिंकत होती, तरी बाळाला घेतलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर बाळ तापलेलं. डॉक्टरकडे नेऊन आणलेलं, दात येतायत म्हणून त्यांनी बाटलीतलं औषध दिलेलं. आजीने ते पाजलं आणि वर मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. एक भाषा डॉक्टरची, एक चुलीची, आजीला दोन्ही यायच्या. मिरच्या जळल्या, पण कोणाला साधा ठसका लागला नाही.

"ठसका नाय," आजी म्हणाली. "पोराला बाहेरचा झायलाय."

मुलीने विचारलं, काय म्हणतायत? मी फादरच्या सुरात धाडकन सांगून टाकलं, "आजी म्हणतायत, आजार बाहेरून आलाय."

ती मुळातच गोरी, आणखी पांढरी काय होणार! पण झाली. वही मिटली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मी खोपटला गेले. एसटी डेपोच्या मागे एका रिटायर्ड शिक्षिकेकडे ती राहायची. बाईंनी दारातच पकडलं.

"अगं, काय सांगितलंस तू तिला? दोन दिवस धड जेवलेली नाही. लवकरचं विमान मिळतंय का, ते विचारून आली."

आत बॅग उघडी, निम्मी भरलेली. ती हळूहळू बोलली. तिच्या देशात बाहेरून माणसं आली, त्यांच्याबरोबर आजार आले, आणि मूळच्या लोकांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. तिने हे वाचलेलं, त्यावर पेपर लिहिलेले. "आणि मी सर्दी घेऊन त्या बाळाला मांडीवर घेतलं."

माझ्याकडे जोक तयार असतोच. तेव्हा नव्हता. क्रिकेटवाला नाही, फादर नाही, कोणाचाच सूर सापडेना. मग माझ्या स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "बाहेरचं म्हणजे भूतखेत. वारं. तू नाही. तू भूत नाहीस."

तिला ते खरं वाटेना. मी बरं वाटावं म्हणून सांगतेय, असं म्हणाली. बरोबरच आहे, महिनाभर मस्करी करणारीचं कोण ऐकणार? आजीची माफी मागून जाते, एवढ्यावर ती यायला तयार झाली.

बाळकुमला ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, नाकाला रुमाल बांधून.

"दोन दिस कला नाय आयलीस गं? नि तोंड कला बांधलायस?"

मी आजीला सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. आजीने माझ्यापुढे हात नाचवले.

"आवाज बरा काढतंस गं, नि अर्थ इकून खाल्लास काय?"

मग मुलीला हाताला धरून आत ओढलं, चुलीपाशी बसवलं, मीठ-मिरच्या तिच्यावरून ओवाळल्या आणि टाकल्या निखाऱ्यात.

क्षणभर काही नाही. मग माझा घसा पेटला. मुलीचा पेटला. शेजारीण डोकावली, तीही खोकत मागे पळाली. आजी स्वतः खोकतेय आणि दोन्ही हात हलवून ओरडतेय, "बग! ठसका लागला! हिच्यात कायपन नाय!"

या वेळी मी एकेक शब्द सावकाश सांगितला. ठसका नाही लागला तर नजर, नाहीतर बाहेरचं. लागला तर माणूस चोख.

"म्हणजे खोकला आला ते चांगलं?"

"इथे, हो."

ओट्यावरून आजीची सून बाळाला घेऊन आली. ताप कधीच उतरलेला. आजीने त्याला मुलीच्या मांडीत टाकलं, ओठ वर करून दाखवला. हिरडीत तांदळाच्या कणीएवढा दात. मुलीने रुमाल सोडला, डोळे पुसले, वही काढली आणि खोकत खोकत लिहायला लागली. मध्येच थांबून विचारलं, "'बाहेरचं' परत सांग. नीट."

घरी आल्यावर आईला म्हटलं, तुझंच बरोबर होतं. ती खोकलाच बघायला आलेली.