फेडायचा राहिलेला नवस

आवडी खोकली की चंद्रीच्या हातातलं काम तिथंच थांबायचं. तव्यावर भाकरी करपली तरी बेहत्तर, ती कान देऊन बसायची. पोरगी पुन्हा खोकते का? आणि खोकलीच, तर चंद्री उठून तिच्याजवळ जायची. तो खोकला तिच्या ओळखीचा होता ना! तिच्या नवऱ्याचा, सदूचा, अगदी असाच सुरू झाला होता.

सदू अंबरनाथला एका कारखान्यात हमालीला जायचा. त्याला क्षय निघाला, तेव्हा उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या जयदेव डॉक्टरांनी नव्या सुया सुरू केल्या. इकडे चंद्री कुळगावच्या गावदेवीला नवस बोलली, धनी उठू दे, कोंबडा देईन. आणि काय सांगावं, सदू उठला की! अंगावर मांस चढलं, खोकला पळाला. कोंबडा कापला, सगळ्या आळीनं रस्सा ओरपला. सुया अजून पुऱ्या झाल्या नव्हत्या. पण आता नवस फेडल्यावर पुन्हा सुई टोचून घ्यायची, म्हणजे देवीवर भरवसा नाही असंच झालं की! तिची सासू राजाबाई तसंच म्हणाली. आणि चंद्रीनंच सदूला बजावलं, "आता तिकडं जायचं नाय. देवी कोपंल." तो बिचारा सुयांना विटलेलाच होता, लगेच ऐकलं त्यानं.

भातकापणीच्या दिवसांत खोकला परत आला. डॉक्टर तेच, सुया त्याच, पण गुण म्हणून येईना. होळीच्या आत सदू गेला.

आणि आता आवडी. नुकती परकर सावरायला शिकलेली पोर.

"एवढी भितीस काय गं?" राजाबाई म्हणाली. "बापानं सुया अर्ध्यावर सोडल्या. हिला अजून एक टोचली नाय. लागू पडंलच."

ह्याच एका आशेवर चंद्री पोरीला घेऊन कॅम्पात गेली. डॉक्टरांनी सुई सुरू केली, पण आवडीचा बेडकाही मुंबईला तपासायला धाडला.

"तो कशाला, डॉक्टर?"

"देखो बाई, कोणतं औषध चालतं ते बघायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. ते सिंधी, मराठी अजून अडखळत बोलायचे. पुढं काय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची चंद्रीची छाती झाली नाही.

सुया चालल्या होत्या आणि पोर वाळत होती. तपासणीचा निकाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी चंद्रीला बसायला सांगितलं. 

"ही सुई हिला चालणार नाही."

"असं कसं? तिनं तर कधी घेतलीच नव्हती!"

"तिनं नाही. बापानं घेतली होती. अर्धी सोडली, तेव्हा जे जंतू मेले नाहीत ते त्या सुईला पुरून उरले. तेच मुलीला लागले."

 सुई कुणी सोडायला लावली, हे डॉक्टरांना कुठं ठाऊक होतं? तिनंच सांगितलं. सांगताना ढसाढसा रडली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी नव्या गोळ्या आणि एक कडूजहर भुकटी पुढं ठेवली.

"आता ही दोन आहेत. दोन्ही घ्यायची. बरी वाटली तरी मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. ही औषधं पण निकामी झाली, तर माझ्याकडे देण्यासारखं काही नाही." मग विचारलं, "तुमच्याकडे आणखी कोणी अशी सुई सोडली?"

होते ना! आळीत होते, जवळच्या पालेगावात होते. चंद्री घरोघर फिरू लागली. "सुया पुऱ्या केल्या का? खोकला आहे का?" लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलं. काही जणी दार लावून घ्यायच्या. ती दाराबाहेर उभी राहून पोरीच्या बापाची गोष्ट मोठ्यानं सांगायची. दोघं-तिघं निमूट कॅम्पात गेले.

आवडीच्या गालांवर हळूहळू रंग आला. एके सकाळी राजाबाई काखेत कोंबडा घेऊन दारात उभी. "पोर उठली. मी बोलले होते देवीला. चल."

"औषध सरू दे, आत्याबाय."

"देवीला थांबवतीस? कोपंल ती!"

 देवीचं भय चंद्रीला काय कमी होतं? नवरा गेला तो, परत सुया घेतल्या म्हणून, देवीच्या कोपानंच, असं आळी अजून म्हणत होती. पण तिनं भुकटी पाण्यात कालवली आणि पेला आवडीच्या तोंडाला लावला.

"कोपायचं तर माझ्यावर कोप गं, आई," ती म्हणाली. "पी, आवडे. सगळं पी."