जिच्यावाचून वॉर्डाचं अडतं

बहारीनमध्ये कुसुमबाई नर्स होत्या त्या फक्त घरात. झिंज भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत, बाबासाहेबांच्या तसबिरीमागे, त्यांचं नर्सिंगचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून खोचलेलं होतं. उंबरा ओलांडला की त्या हेल्पर. लातूरकडे त्यांनी चांगली आठ वर्षं नर्स म्हणून काढली होती; पण एजंट म्हणाला, “आधी हेल्परच्या व्हिसावर चला, सहा महिन्यांत नर्स करून टाकू.” त्या सहा महिन्यांना १९९६ साली सात वर्षं पुरी झाली.

हॉस्पिटलात नर्सला पांढरा युनिफॉर्म, हेल्परला निळा. निळ्यातल्या बाईने बेडपॅन द्यायचं, चादरी बदलायच्या, ट्रॉली ढकलायची. सुईला हात लावायची सक्त मनाई. बोट लावायची मात्र कुठे मनाई लिहिलेली नव्हती. त्यामुळे एखादी नवी नर्स पेशंटची शीर शोधताना घामाघूम झाली, की कुसुमबाई चादर नीट करायच्या निमित्ताने वाकायच्या आणि हातावर एका जागी हळूच बोट टेकवायच्या. सुई तिथे बिनचूक जायची. पेशंट पांढऱ्या युनिफॉर्मला दुवा द्यायचा आणि कुसुमबाई बेडपॅन उचलून चालू लागायच्या.

त्याच वर्षी मॅनेजमेंटला सद्बुद्धी सुचली. आपापल्या देशात नर्सिंग शिकून आलेल्या हेल्परांना हॉस्पिटलच्या खर्चाने वर्षभर कोर्सला पाठवायचं, परीक्षेला बसवायचं आणि रजिस्टर्ड नर्स करून परत घ्यायचं. दर दोन वर्षांनी, प्रत्येक वॉर्डातून एक. वयाची अट चाळीस. कुसुमबाईंना अडतिसावं चालू होतं. त्यांनी सर्टिफिकेट तसबिरीमागून काढून पुसून ठेवलं.

आणखी एक अट होती, अगदी साधी. वर्षभर जिच्याशिवाय वॉर्ड चालू शकेल, अशाच बाईचं नाव हेड नर्सने पाठवायचं.

हेड नर्स खदिजा बहारीनचीच, न्यायी आणि कुसुमबाईंवर जीव असलेली. तिने प्रामाणिकपणे विचार केला आणि नीलमचं नाव पाठवलं. नीलम ठाण्याची, मनाने गोड. पण आठवड्याला एक थर्मामीटर फोडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिच्याशिवाय वॉर्ड चालला असता, किंबहुना जरा अधिकच बरा चालला असता.

“कुसुम, तू गई तो मेरा वॉर्ड खलास!” खदिजाने त्यांचे दोन्ही हात धरून सांगितलं. ही शाबासकी घेऊन कुसुमबाई घरी आल्या.

त्यांचे यजमान लहू सलमाबादच्या वर्कशॉपात फिटर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग तू बी दोन-चार थर्मामीटर फोड की. कशाला एवढं मरमर काम करायलीस?”

सल्ला अडाणी वाटला तरी खोटा नव्हता. पुढची यादी जवळ आली तशी कुसुमबाईंनी वाईट काम करायचं ठरवलं. पहिल्या दिवशी त्यांनी एका खाटेची चादर मुद्दाम चुरगळलेली ठेवली. दुपारी डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. शेवटी जाऊन चादर ताणून आल्या. दुसऱ्या दिवशी पेशंटची घंटा वाजली तरी जागची हलायचं नाही असं ठरवलं होतं, तर घंटा वाजायच्या आत त्याच खाटेपाशी पोचल्या होत्या. बघतात तो सलाईनचा हात सुजून टम्म झालेला. त्यांनी हाक मारली, नर्स धावली, हात वाचला.

“देखा?” खदिजा सगळ्यांना म्हणाली. वाईट काम करायचा प्रयत्न तिथेच संपला.

एव्हाना नीलम पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये परत आली होती. परीक्षा उत्तम पास झाली होती. शीर मात्र तिला अजून सापडत नव्हती. ती रोज कुसुमबाईंच्या बोटाकडे बघायची.

यादीबरोबर या वेळी वॉर्डातल्या एका रजिस्टर्ड नर्सचा शेरा जोडायचा होता. खदिजाने ते काम नीलमकडे दिलं. कुसुमबाईंनी तिला पँट्रीत गाठलं.

“हे बघ नीलम, दोन महिन्यांनी मला चाळीस पुरी होतात. ह्याच्यानंतर यादी नाही मला. तू एवढंच लिही, हिच्यावाचून वॉर्डाचं काही अडत नाही.”

नीलमचे डोळे भरून आले. “ताई, तुमच्याबद्दल असं लिहू? मी तुमच्यामुळे नर्स झाले! तुम्ही काळजी करू नका. असं लिहिते ना, की वरचे नाही म्हणूच शकणार नाहीत.”

“अगं बाई, चांगलं नको लिहूस!”

पण नीलमला तो ताईंचा विनय वाटला. तिने पानभर लिहिलं. कुसुमताई एक दिवस नसल्या तर वॉर्ड कोलमडेल, नव्या नर्सना त्याच शिकवतात, मलाही त्यांनीच शिकवलं. खदिजाने वाचून आनंदाने खाली सही ठोकली.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. इतक्या मोलाच्या कर्मचाऱ्याला वॉर्डातून सोडता येणार नाही, याचा मॅनेजमेंटला खेद होता. सोबत कौतुकाचं पत्र होतं.

कुसुमबाईंना रडू आलं नाही, संताप आला. तो काढायला माणूसच सापडेना, कारण सगळेच त्यांच्याशी चांगले वागले होते. रडत होती नीलम. तशीच नाक पुसत ती अलीमियाँच्या खाटेपाशी गेली. सलमाबादच्या या वेल्डरला सलाईन लावायचं होतं. तिने एकदा टोचलं, दोनदा टोचलं. म्हातारा कळवळला.

कुसुमबाई पायथ्याशी उभ्या होत्या. या वेळी त्यांनी दोन्ही हात निळ्या युनिफॉर्मच्या खिशात घट्ट धरून ठेवले होते.

नीलमने तिसऱ्यांदा सुई उचलली. अलीमियाँनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते कुसुमबाईंकडे बघून म्हणाले, “सिस्टर, आप ही लगा दो ना.”

नऊ वर्षांत बहारीनमध्ये त्यांना पहिल्यांदाच कुणी सिस्टर म्हटलं होतं.

“मैं सिस्टर नहीं, चाचा,” त्या म्हणाल्या. मग खिशातून हात काढला, चादरीची सुरकुती सरळ केली आणि त्यांच्या मनगटावर बोट टेकवलं.