मुकुट आणि चौथं प्रकरण

आमच्या कुवेतमधल्या रिग्गईच्या घरात फ्रिजच्या दारावर एक कागद असतो. त्यावर तीन रकाने: प्रबंध, घर, हातकाम. दर गुरुवारी संध्याकाळी मी नवा कागद लावते. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि सुट्टी आखून ठेवली नाही तर ती धुण्याच्या ढिगाखाली जाते. घराचा रकाना रोज संपतो आणि रोज पुन्हा भरतो. हातकामाचा रकाना उशिरा का होईना, पुरा होतो. प्रबंधाच्या रकान्यात मात्र कित्येक महिने एकच ओळ होती, प्रत्येक गुरुवारी जुन्या कागदावरून नव्यावर उतरवलेली: चौथं प्रकरण, निष्कर्ष.

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. कोकणातून इथे कंत्राटावर आलेले सुतार, प्लंबर, वायरमन एका खोलीत सहा-सहा जण राहतात, तेव्हा स्वयंपाकघर कसं वाटून घेतात, हा माझा विषय. त्यासाठी कित्येक शुक्रवारी मी खैतानमधल्या खोल्यांत वही घेऊन बसले. मुलगी लहान होती तेव्हा तिलाही बरोबर न्यायची. ती कोपऱ्यात रंगवत बसायची. एका सुताराने मला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, "ताई, डाळ कोण करतो ते सगळे सांगतील. कुकर कोण घासतो ते विचारा. मारामाऱ्या तिथे होतात." त्याचं बरोबर होतं. चौथं प्रकरण त्या कुकरवरच उभं आहे.

दोन मुदतवाढी मी वापरून टाकल्या होत्या. तिसरीच्या अर्जाला चौथं प्रकरण जोडायचं होतं, आणि ते जानेवारीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी कार्यालयात पोचलं नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे सहा वर्षं रद्द.

त्याच महिन्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली. ती रत्नागिरीकडची, माझ्याहून बरीच लहान. तिच्या मुलाची पहिली संक्रांत होऊन गेली होती आणि रथसप्तमीच्या आत त्याचं बोरन्हाण करायचं होतं. कुणाच्या तरी सामानातून तिने हलवा मागवला होता.

"ताई, बाजारचे तयार दागिने मागवणार होते," ती म्हणाली, "पण सासूबाई म्हणाल्या, तिकडे कुणी करणारं नाही का? मी तुमचं नाव सांगून टाकलं."

"विचारायचंस तरी आधी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

मी हो म्हणाले. हलव्याचे दागिने म्हणजे चिकाटीचं काम. साखरेचा दाणा सुईने टोचता येत नाही, फुटतो. प्रत्येक दाण्याभोवती दोऱ्याची गाठ मारत जायचं, मग ती माळ पुठ्ठ्यावर चिकटवायची. मुकुट, बासरी, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. हात ओला असला की दाणा पाझरतो आणि त्याचे काटे जातात. माझ्या हिशेबाने बारा तास. कागदावर मी ते शुक्रवार आणि शनिवारवर टाकले. शनिवारी संध्याकाळी बोरन्हाण, त्यानंतर निष्कर्ष, रविवारी सकाळी प्रकरण मॅडमना. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. त्या छापून, सही करून कार्यालयात देणार होत्या. महिना रविवारी संपत होता. सगळं बसत होतं.

शनिवारी दुपारी सव्वाला मॅडमचा फोन आला. माझ्या मांडीवर अर्धा मुकुट होता.

"अहो, कुठे आहात? पावणेचार झाले. साडेपाचला कार्यालयाची आवक खिडकी बंद होते."

"उद्या सकाळी पाठवतेय, मॅडम."

"उद्या? उद्या रविवार आहे."

चौदा वर्षं मी इथे आहे. रविवार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे शाळेचा गणवेश येतो, डबा येतो, साडेसहाची बस येते. रविवारी इथे बँका उघडतात, कार्यालयं उघडतात, नवरा कामावर जातो. तिकडे रविवारी काय असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिसऱ्या प्रकरणात मी स्वतः तीन पानं लिहिली आहेत, ही माणसं आपला रविवार उचलून शुक्रवारवर कसा ठेवतात, गावाला फोन करताना दोन्हीकडच्या सुट्ट्यांचा मेळ कसा घालतात. तळटीपासुद्धा दिल्या आहेत.

"आज शनिवारचं कार्यालय चालू आहे हे नशीब समजा," मॅडम म्हणाल्या. "जे आहे ते पाठवा."

इथे तीन वाजले की तिकडे साडेपाच. माझ्याकडे पावणेदोन तास होते. नवरा वफ्र्याला हरितगृहांच्या कूलिंगच्या कामावर होता, रात्रीशिवाय येणार नव्हता. मी मुकुट मुलीपुढे ठेवला. ती अकरा वर्षांची आहे.

"हा तू पुरा कर. अशी गाठ. घट्ट ओढायची नाही."

"आई, यू सेड वी विल डू इट टुगेदर."

"माहीत आहे."

"यू ऑल्वेज से माहीत आहे."

"मराठीत भांड, म्हणजे मला ऐकता ऐकता टाइप करता येईल."

तिला हसू आलं नाही. माझ्याकडे पाठ करून तिने दोरा घेतला.

निष्कर्ष मी सात महिने डोक्यात घोळवत होते आणि दीड पानात संपवला. वाईट दीड पान. सहा जणांच्या खोलीत ज्याच्याकडे कुकर घासायला येतो त्याचा शब्द कसा खाली जातो, हे मांडायचं होतं. मी मांडलं काय, तर "यावरून असे दिसून येते की" तीन वेळा. मध्येच दार वाजलं.

"ताई, मुकुट झाला का? सासूबाई व्हिडिओवर येऊन बसल्यात."

"चार वाजता सांगितलं होतंस."

"त्या एकपासूनच बसल्यात."

मुलीने आतूनच सांगितलं, "टेन मिनिट्स, मावशी," आणि शेजारीण गेली. मी संदर्भसूची जुळवायला घेतली. दोन नोंदी प्रकरणात होत्या, सूचीत नव्हत्या. त्या शोधल्या. मग अर्जावर शाईची सही हवी होती, म्हणून छापायला गेले तर प्रिंटरने कागद अडकवला. तो ओढून काढला, पुन्हा छापला, सही केली, फोटो काढला, पाठवला. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मॅडमनी धावत जाऊन छापून घेतलं. आवक रजिस्टर कपाटात गेलं होतं, लिपिक गाडीवर बसला होता. तो त्यांना म्हणाला, "सोमवारी या, पण सोमवारची तारीख पडणार."

बोरन्हाणाला मी गेले. बाळ काळ्या झबल्यात बसलं होतं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, चॉकलेटं ओतली जात होती, फोनच्या पडद्यातून सासूबाई मुकुटाचं कौतुक करत होत्या. मुलीने माझं नाव सांगितलं नाही. "मी केला," म्हणाली. बरोबरच होतं, वरचा अर्धा भाग तिचाच होता आणि माझ्या भागापेक्षा सरळ होता. मला तो नीट बघवत नव्हता.

सोमवारी मॅडमचा फोन आला. विलंबाचं कारण स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यायचं, मग समिती ठरवणार.

"आजारपण लिहा," त्या म्हणाल्या. "सगळे तेच लिहितात. कुणी विचारत नाही."

"मी आजारी नव्हते."

"अहो, तुम्हाला डिग्री हवी आहे ना?"

मी लिहिलं की कुवेतमध्ये रविवार हा कामाचा दिवस असतो आणि माझा समज चुकीचा झाला. चार ओळी. समितीने तीन आठवडे काही कळवलं नाही. त्या तीन आठवड्यांत मी निष्कर्षाला हात लावला नाही आणि दोऱ्यालाही नाही. नंतर पत्र आलं: चार महिने, यापुढे वाढ नाही.

पत्रातलं कारण खोटं नव्हतं, पण पुरं नव्हतं. जानेवारीत एका मंगळवारी मी मॅडमना फोन करायला घेतला होता, नक्की शेवटचा दिवस कोणता एवढंच विचारायला. त्या कदाचित शनिवार म्हणाल्या असत्या. मग शुक्रवारी मला प्रबंध उघडावा लागला असता आणि हलवा परत करावा लागला असता. मी फोन खाली ठेवला आणि कागदावर रविवार लिहिलं. बारा तासांत संपणारं, हातात धरता येणारं काम मला हवं होतं. ते समितीला लिहून काय उपयोग होता? मॅडमनाही मी ते अजून सांगितलेलं नाही.