पंख्याला हात, तर बॅटरी बाहेर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी महाल भागातल्या आमच्या दवाखान्याचं शटर वर ढकलत होते. "मंगल, हे उठून नाही राहिले वं," एवढंच ती म्हणाली. शटर तसंच अर्ध्यावर सोडून मी निघाले. पोचले तोवर सगळं संपलं होतं, झोपेतच हृदय बंद पडलं होतं. माझा मोठा भाऊ सुधाकर, दातांचा डॉक्टर, कुणालाही तसदी न देता गेला. आयुष्यभर तो तसाच वागला होता. त्याच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून रुग्णांची नावं पुकारण्यात माझी उमर गेली, त्यामुळे तो कसा होता हे मला कुणी सांगायची गरज नाही. आणि तरीही गेल्या काही आठवड्यांत जो तो मला तेच सांगतो आहे, तेही चुकीचं. म्हणून हा लेख.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे परतले, आणि मग दादाच्या मॉडेल विमानांच्या मंडळाने रामदासपेठेतल्या एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली. मी आणि वहिनी गेलो. टेबलावर दादाचा हार घातलेला फोटो, शेजारी त्याचं पिवळं विमान, भोवती गुलाबाच्या पाकळ्या. विमानाच्या नाकावर पंखा घट्ट बसवलेला आणि पोटात बॅटरी जोडलेली. भाषणं संपली की रिमोटने पंखा फिरवून दादाला मानवंदना द्यायची, असं ठरलं होतं म्हणे. पहिल्या रांगेतली माणसं टेबलाला गुडघे लावून बसली होती, येणारे जाणारे वाकून त्या पंख्यावर फुलं वाहत होते. माझं डोकंच फिरलं. या लोकांनी दादाबरोबर इतके रविवार घालवले, आणि त्यांना तो एवढाही कळला नव्हता…

ज्यांनी ही विमानं पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. पेट्रोलचं इंजिन निदान आवाज करून आपण चालू असल्याचं सांगतं. विजेची मोटर गप्प बसलेली असते. बॅटरी जोडलेली असली आणि रिमोटच्या कांडीला चुकून नख जरी लागलं, तरी पंखा डोळ्याला दिसणार नाही अशा वेगाने सुटतो. दादाला याची मनापासून भीती वाटायची आणि ती तो लपवत नसे. घरी मोटर तपासायची तर पंखा आधी काढून ठेवायचा. मैदानावर पंख्याला हात लावायचा तर बॅटरी विमानाच्या बाहेर, तीही पलीकडे सतरंजीवर. पंखा निवडतानाही तेच. अजून जोर हवा म्हणून मोटरला न झेपणारा मोठा पंखा लावायचा आणि मोटर जाळून बसायचं, हा प्रकार त्याला खपत नसे. पंख्याचं भोक मोटरच्या दांड्यापेक्षा किंचित सैल असलं तर तो आत बारीक कडी बसवायचा, एखाद्याच्या दातावर कॅप बसवावी तितक्या हळुवार हाताने, आणि मग नट आवळून पंखा दोन्ही बाजूंनी ओढून बघायचा. पात्याला बारीकशी चीर दिसली तर पंखा बाद. चिकटवून वापरू म्हणणाऱ्याकडे तो असा बघायचा की समोरच्याने खिशात हात घालावेत. मंडळात सगळे त्याला घाबरट म्हणून चिडवत. होताच तो घाबरट. माझा भाऊ घाबरट होता हे मी अभिमानाने लिहिते आहे.

आणि अशा माणसाच्या डाव्या हाताची दोन बोटं पंख्यात गेली. अंगठ्याजवळचं आणि मधलं, वरच्या पेरापासून.

ते कसं झालं ते आजवर मंडळातल्या दोघातिघांना आणि मला माहीत होतं. काटोल रोडच्या बाजूला एका मोकळ्या जागेवर मंडळाचा मोठा कार्यक्रम होता. पाहुणे येऊन बसलेले, वारा वाढत चाललेला, सगळ्यांना घाई. दादा विमानासमोर बसून नट आवळत होता. "अजून बॅटरी लावू नको गा, माझा हात आहे," असं त्याने मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं होतं. अध्यक्ष म्हणजे त्याचे कॉलेजपासूनचे मित्र. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, ते त्यांनी स्वतः सांगायचं आहे. दोन मिनिटं वाचवायला त्यांनी मागून बॅटरी जोडली. गळ्यात रिमोट लटकत होता. सरळ उभे राहताना त्याची कांडी पोटाला लागून वर सरकली.

हॉस्पिटलात पट्टी बांधून झाल्यावर दादा मला म्हणाला, "मंगे, कोणी विचारलं तं माझीच चूक झाली म्हण."

"काहून? तुयी चूक कुठं होती?"

"मंडळ फुटन वं. अन् त्यानं का मुद्दाम केलं?"

"मंग त्याले सांगू दे ना तसं."

"सांगन तो. थोडी कळ काढ."

मी कळ काढली. पुढे काय झालं ते मात्र रोज माझ्या टेबलासमोर झालं. दातांच्या डॉक्टरच्या डाव्या हातात आरसा असतो, गाल बाजूला धरायला बोटं लागतात. दादाने नवी पकड शिकून घेतली, महिनोन्महिने सराव केला, काम पूर्वीइतकंच नेटकं व्हायला लागलं. पण लोक यायचे, बाकावर बसायचे, आपापसांत कुजबुजायचे. ज्याला स्वतःची बोटं सांभाळता येत नाहीत तो आपल्या दाढा काय सांभाळणार, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. काही जण पाणी पिऊन येतो म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. आत दादाला सगळं ऐकू जायचं. हळूहळू बाक रिकामं राहू लागलं, आणि शेवटी दादाने एका कॉलेजात शिकवायची नोकरी धरली, रुग्ण तपासणं संध्याकाळपुरतं ठेवलं; सकाळी दवाखाना उघडून नावं नोंदवायला मी बसायचे. अध्यक्ष मात्र दर दिवाळीला फराळ घेऊन येत राहिले. दादा प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडाकडे बघायचा… आणि चहा सांगायचा.

तर त्या शोकसभेत हेच अध्यक्ष उभे राहिले. "सुधाकर म्हणजे शेर होता. बेफिकीर गडी. स्वतःच्या चुकीनं बोटं गेली, तरी डरला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. वहिनी पदराने डोळे पुसत होती. एक वेळ अध्यक्ष गप्प राहिले असते तर मी समजून घेतलं असतं. पण ज्याने तुमची लाज आयुष्यभर झाकली, त्याच्या फोटोसमोर उभं राहून पुन्हा त्याच्याच माथ्यावर ती मारायची, याला काय म्हणायचं?

मी उठले, टेबलापाशी गेले आणि आधी विमानातली बॅटरी काढली. मग नट सोडवून पंखा काढला. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "ताई, आता जाऊ द्या ना. सुधाकरनंच मले तसं सांगितलं होतं."

"त्यानं तुमची वाट पाह्यली," मी म्हणाले. "तुम्ही सांगान म्हणून. मरेपर्यंत वाट पाह्यली."

कुणीतरी मला पाणी आणून दिलं, कुणीतरी राष्ट्रगीत सुरू केलं आणि सभा संपली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलंच, बेफिकीर छंदवेड्या डॉक्टरला श्रद्धांजली म्हणून.

दवाखाना मी अजून सकाळी उघडते. उघडून काय करायचं ते माहीत नाही, पण घरी बसवत नाही. परवा काटोलचे एक संत्र्याचे व्यापारी आले. दादाकडे दाढेचं काम अर्धवट टाकून गेलेल्यांपैकी एक. पेपरात वाचून भेटायला आले होते. बाकावर बसत म्हणाले, "डॉक्टर माणूस लय चांगले होते, पण तेवढी बेफिकिरी नडली त्याईले." मी त्यांना सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच.

"मंग तेव्हाच काहून नाही सांगितलं बाई? मी गेलोच नसतो ना."

ते उठले, चपला काढून आतल्या खोलीत गेले आणि दादाच्या रिकाम्या खुर्चीसमोर हात जोडून म्हणाले, "माफ करा डॉक्टरसाहेब."

माफी त्यांनी मागायची नव्हती. ज्यांनी मागायची, त्यांचा अजून फोन आलेला नाही.