जिन्याच्या अकरा पायऱ्या आणि एक रंग

तुमच्या घरातली पन्नाशीची बाई एखादा शब्द विसरली, तर तुम्ही हसता की तिच्या औषधाच्या डबीकडे बोट दाखवता? खरं सांगा. मी दोन्ही करणारी माणसं पाहिली आहेत आणि दोघांशीही भांडले आहे.

दोरामावशीचंच घ्या. दोरे, बटणं, अस्तर, चेन विकणाऱ्या एका लांबट दुकानात ती तीस वर्षं गल्ल्याशेजारी उभी आहे. तिची रीत अशी : गिऱ्हाइकाने कापड पुढे केलं की ती ते दाराच्या उजेडात एकदा बघणार, डोळे मिटणार आणि कापड तिथेच ठेवून माळ्यावर जाणार. अकरा पायऱ्या. वर शेकडो रिळं. खाली येताना हातात एकच रीळ, आणि ते कापडावर ठेवलं की दिसेनासं व्हायचं. बाकीचे कामगार कापडाचा तुकडा कापून वर नेत. ती म्हणायची, "तुकडा नेतो त्याला रंग कळत नाही, त्याला फक्त तुलना कळते."

डोळे मिटल्यावर काय होतं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. म्हणाली, "रंग आत उतरतो. तळ्यात पान पडावं तसा. मी फक्त पाणी हलू देत नाही."

एक्कावन्नाव्या वर्षी पाणी हलायला लागलं. पाळी थांबली आणि अंगातून वाफा निघायला लागल्या. झोप तुटायची. पाचव्या पायरीवर रंग निळा असायचा, आठवीवर राखाडी व्हायचा, आणि माळ्यावर ती नुसतीच उभी राहायची, कशाला आले होते म्हणत. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, रक्त तपासलं, घराण्यातले आजार विचारले, आणि हार्मोनची पट्टी लिहून दिली. आठवड्यातून दोनदा पोटावर चिकटवायची, सोबत गोळ्या. चार वर्षं घेतली. झोप परत आली. त्या झोपेत तिला स्वप्नं पडत, रिळांचीच. दोरा सुटून लांब जातोय, ती मागे चालतेय, आणि कुठेच पोचायची घाई नाही. मग डॉक्टरीणबाईंनीच पट्टी बंद केली. ते सगळं सुरळीत झालं.

आता ती त्रेसष्ट वर्षांची. गेल्या महिन्यात एका आठवड्यात तीन रिळं परत आली. एक शिंपी तर दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, हा मोरपंखी? मोराने बघितलं तर पिसं टाकून पळेल."

तिच्या नणंदेने घरी लगेच निकाल लावला. "मी तेव्हाच सांगत होते, वहिनी. ती पट्टी मेंदू पोखरते. आज नाही तर दहा वर्षांनी. बघ आता."

"कुणी सांगितलं तुला?" मावशीने विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे."

हे 'सगळे' एकदा मला भेटायचे आहेत. कुठे बसतात, कधी बसतात, कुणी सांगेल का?

मालक बिचारा गोड बोलला. "मावशी, जिना चढून दमता. उद्यापासून बटणांच्या डब्या लावा." म्हणजे खाली, मागे, कोपऱ्यात. ती रडली नाही. रात्री भात वाढताना फक्त विचारलं, "माझं डोकं खरंच जातंय का गं?" नणंदेने नुसतं ताट पुढे केलं. तिची स्वतःची चादर रोज घामाने भिजत होती, आणि तिच्याही पर्समध्ये त्याच पट्टीची डॉक्टरची चिठ्ठी महिनाभर घडी घालून पडली होती.

मावशी डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात वजा करत जायला लावलं. मग म्हणाल्या, "यात मला काही वावगं दिसत नाही."

"पण ती पट्टी?"

"पाळी थांबल्यावर लवकर सुरू करून चार वर्षं घेतलेल्या निरोगी बायकांना जवळजवळ दहा वर्षांनी पुन्हा तपासलंय. बुद्धीचं नुकसान दिसलं नाही. फायदाही दिसला नाही, म्हणून केवळ स्मरणशक्तीसाठी मी ती कुणाला देत नाही. पासष्टीनंतर नव्याने सुरू केली तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे धोका वाढलेला दिसलाय. आणि काही बायकांना ती मुळीच चालत नाही."

"मग माझे दोरे का चुकतात?"

"ते मला काय कळणार? दोऱ्यातलं तुम्हाला कळतं."

हे वाक्य घेऊन ती दुकानात आली. परत आलेली तिन्ही रिळं उचलली आणि माळ्यावर गेली. तिथे मोरपंखी मोरपंखीच होता. तेच रीळ दाराशी आणलं, तर हिरवट. पुन्हा वर, पुन्हा खाली. मालकाने महिन्यापूर्वी माळ्यावर नवी फळी ठोकून खिडकी बुजवली होती आणि निळसर पांढरा दिवा लावला होता. ती रोज त्याच दिव्याखाली उभी होती, पण स्वतःच्या डोक्याला इतकी घाबरलेली की वर मान करून बघितलंच नाही. त्यात तिचा ताठाही होता : तुकडा वर नेला असता, किंवा खाली आणलेलं रीळ दाराच्या उजेडात कापडावर ठेवून बघितलं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"मालक, वर या!"

"मावशी, गिऱ्हाईक आहे..."

"गिऱ्हाइकालाही आणा!"

मालक आला, शिंपीही आला. तिने एकच रीळ तीनदा वरखाली नेलं. शिंपी मान खाजवत म्हणाला, "म्हणजे मोराची चूक नव्हती." मालकाने माफी काही मागितली नाही, पण संध्याकाळच्या आत फळी काढली. खिडकीतून उजेड रिळांवर असा पसरला, जणू कुणी झोपेतून जागं होऊन पांघरूण बाजूला सारतंय. मावशी पुन्हा गल्ल्याशेजारी उभी राहिली.

नावं ती अजूनही कधी कधी विसरते. त्रेसष्टीत कोण विसरत नाही? नणंदेने दोन दिवसांनी भांडी घासता घासता, पाठ न वळवता विचारलं, "त्या डॉक्टरीणबाई किती वाजता बसतात?"

तुम्हाला एवढंच मागते. तुमच्या घरातली बाई विसरायला लागली, तर 'सगळ्यांना माहीत आहे' हे तिच्या तोंडावर मारू नका, आणि तिच्या गोळ्या परस्पर फेकूही नका. तिला तपासायला घेऊन जा. औषध कितव्या वर्षी सुरू केलं, किती वर्षं घेतलं, हे तिथे तिला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.