मिनिट्समधला चौथा मुद्दा

लग्नानंतर नाशिकहून दोह्याला आले आणि दोन हजार एकच्या सुमारास एका गॅस प्रकल्पाच्या ऑफिसात ड्रॉइंग्ज सांभाळायच्या कामाला लागले. साहेब लंडनकडचा. मला नावाने कधी हाक मारत नसे. ‘मिंज कुठाय?’ असं ओरडायचा आणि बाकीचे गोरे हसायचे. मला वाटलं, ठेवलं असेल काहीतरी टोपणनाव. दोन महिने मी त्या हाकेला ‘येस सर’ म्हणत राहिले.

शेवटी कँटीनमध्ये वेल्डिंग तपासणाऱ्या म्हाताऱ्या स्कॉटिश माणसाला अर्थ विचारला. तो कानापर्यंत लाल झाला.

“बाईच्या खालच्या अंगाला म्हणतात. घाण शब्द आहे.”

मग त्यालाच अवघडल्यासारखं झालं असावं. सांगू लागला, त्याची आजी जिप्सी होती, हा शब्द तिच्या रोमानी बोलीतून आला म्हणतात, आणि त्या लोकांचे पूर्वज मूळचे हिंदुस्थानातले. “चोरण्याला आजी ‘चोर’च म्हणायची.”

“आम्हीही,” मी म्हटलं आणि डबा न उघडताच उठले. नवऱ्याला सांगितलं नाही. तो ‘सोडून दे’ म्हणाला असता, आणि मला सोडायचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात क्लायंटबरोबर मीटिंग होती. मिनिट्स लिहायचे, म्हणजे कोण काय बोललं ते टाइप करून सगळ्यांना पाठवायचं काम माझं. तीन ड्रॉइंग्ज सापडत नव्हती. साहेब शेजारच्याला हसत म्हणाला, “मिंजला विचार, तिनेच चोरली असतील.” इंग्रजी वाक्यात ‘चोर्ड’ मला लख्ख ऐकू आलं, आजीचाच ‘चोर’ इंग्रजी शेपूट लावून.

मी चौथ्या मुद्द्यात ते वाक्य जसंच्या तसं घातलं. दोन्ही शब्दांचे अर्थही दिले. ड्रॉइंग्ज संध्याकाळी साहेबाच्याच गाडीत सापडली, तेही लिहिलं. क्लायंटच्या कतारी मॅनेजरला पहिली प्रत.

साहेब धावत आला. “काढ ते!”

“मिनिट्स पुढच्या मीटिंगलाच दुरुस्त होतात, सर. तुम्हीच शिकवलंत.”

पुढच्या मीटिंगला कतारी मॅनेजरने चष्मा लावून तो मुद्दा सावकाश वाचला आणि विचारलं, “हे तुम्ही म्हणालात?” साहेब टेबलाकडे बघत सॉरी पुटपुटला.

“ऐकू नाही आलं, सर,” मी म्हटलं.

त्याला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. मॅनेजर अरबीत म्हणाला, “खलास.” विषय संपला.

महिन्याभरात साहेबाची वाळवंटातल्या साइटवर बदली झाली. स्कॉटिश म्हाताऱ्याने विचारलं, “झालं का समाधान?”

“नाही,” मी म्हटलं. ते खरंच होतं; सॉरी म्हणतानाही त्याने माझं नाव घेतलं नव्हतं.