हॉलमधला वॉल्ट्झ

पुतणीनं फोनवर हट्टच धरला. तिच्या लग्नात, जळगावला, संगीताच्या कार्यक्रमात काका-काकूंनी जोडीनं नाचायचं. मी हसून सोडून दिलं, पण यांनी मनावर घेतलं. मोबाइलवर बघून शिकायला गेले, तर त्यातली माणसं फार भराभर पाय हलवायची. मग जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बॉलरूम नृत्याचं एक सचित्र इंग्रजी पुस्तक आणलं. पानापानांवर पावलांचे ठसे, काळे पुरुषाचे, पांढरे बाईचे, आणि कुठून कुठे जायचं त्याचे बाण.

देवपुरातल्या आमच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून, पडदे ओढून आम्ही वॉल्ट्झ शिकू लागलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भर दिवसा यांचा हात माझ्या कंबरेवर कधी आला नव्हता. मला नुसता घाम फुटायचा.

एका रविवारी दार लोटलेलंच राहिलं. हे "मागे, मागे, आता बाजूला" म्हणत होते, आणि दारात माझे थोरले दीर. मुलीची लग्नपत्रिका आणि केळीचा घड घेऊन चोपड्याहून आलेले. ज्यांच्यासमोर मी अजून डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, ते नाना.

"काय व्हयनं रे?"

"कंबर धरली, नाना," हे म्हणाले. "ही जरा आधार देत होती."

मी स्वयंपाकघरात पळाले. नानांनी यांना पालथं झोपवलं आणि तेल मागितलं. वाटी मीच गरम करून दिली. सत्तरीतला तो माणूस घामाघूम होऊन धडधाकट भावाची कंबर चोळत होता.

संगीताच्या दिवशी पुतणीनं माइकवरून आम्हाला पुकारलं. हे उठले, मी पदर खोचला, तेवढ्यात नाना पुढे आले.

"त्याले नको, बाई. त्यानी कंबर धरेल शे."

सगळा मांडव वळून बघू लागला. कुणी खुर्ची दिली, कुणी मलम आणलं. हे कंबरेला हात लावून बसले. मी मान वर केली नाही.

पंगतीत जाऊबाई शेजारी बसल्या. म्हणाल्या, "हे घरी येऊन सांगत होते, धाकल्याला उभं राहता येत नव्हतं, तर हिनं कसं घट्ट धरून ठेवलं होतं. फार जीव लावते, म्हणे."

मी वरणात बट्टी कुस्करत राहिले.